राखणदाराची अमानत

आपल्या जिल्ह्यात, कदाचित आपल्याच तालुक्यात, अशी एखादी संस्था असते. तिचे कार्यालय म्हणजे कुणाच्या तरी घराची पुढची खोली. अध्यक्ष निवृत्त शिक्षक किंवा दुकानदार, सचिव बँकेत नोकरीला, खजिनदार दोघांचा जुना मित्र, आणि सोबत सात-आठ तरुण, जे आपला कामधंदा सांभाळून सुटीच्या दिवशी डोंगरात, खाडीत किंवा किनाऱ्यावर जातात. कुणी गिधाडांची घरटी मोजतो, कुणी खारफुटीची तोड थांबविण्यासाठी अर्ज लिहितो, कुणी गावतळ्यातील गाळ उपसतो. वर्षातून एकदा वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र येते आणि लोक ते विसरून जातात.

अशा माणसांविषयी आपल्या घरांतून बहुधा दोन मते ऐकू येतात. एक, की हे लोक फार थोर. दुसरे, की माणसे उपाशी असताना यांना कासवांची आणि पाखरांची काळजी. दोन्ही मते घाईची आहेत. पहिले मत त्यांना हिशेबातून सूट देते, दुसरे त्यांचे काम समजून घेण्याचे कष्टच घेत नाही. वाचकहो, येथे विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. जो मनुष्य सृष्टीतील एखाद्या गोष्टीच्या रक्षणाची धुरा आपल्या खांद्यावर घेतो, त्याला इतरांना ‘येथे चारू नका, हे तोडू नका, ते उचलू नका’ असे सांगण्याचा अधिकार कोठून मिळतो? आणि तो अधिकार हाती आल्यावर त्याच्याकडून कोणता हिशेब मागितला जाईल?

कारण रक्षण म्हटले की मनाई आलीच. झाड वाचवायचे तर कुऱ्हाड थांबवावी लागते, आणि कुऱ्हाड ज्याच्या हाती असते तो पुष्कळदा चुलीसाठी मोळी नेणारा गरीबच असतो. मोठा ठेकेदार रात्री ट्रक घेऊन येतो, तो सापडत नाही. सापडते ती डोक्यावर सरपण घेतलेली म्हातारी. पर्यावरणाचे काम करणाऱ्या प्रत्येक लहान संस्थेच्या प्रमुखासमोर हा पेच आज ना उद्या उभा राहतो. सभांमधील भाषणांत तो सहसा येत नाही, म्हणून आपणही तो ध्यानात घेत नाही.

इस्लामच्या इतिहासात हा पेच अगदी पहिल्या पिढीतच समोर आला होता आणि त्याचे उत्तरही तेव्हाच दिले गेले होते. ते उत्तर एका कुरणाशी निगडित आहे.

अरबस्तानात पाऊस तुटपुंजा. जेथे गवत उगवते तेथेच जनावरे जगतात. जाहिलियतच्या काळी एखादा बलाढ्य सरदार चांगले कुरण पाहून ते आपल्यापुरते राखून ठेवी. त्याला ‘हिमा’ म्हणत. असे सांगतात की सरदार उंचवट्यावर कुत्रा भुंकवीत असे आणि भुंकणे जेथवर ऐकू जाईल तेथवरची जमीन त्याची होई. शिवाय इतरांच्या कुरणात त्याची जनावरे चरत ती वेगळीच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हा प्रकार बंद केला. हिमा अल्लाह व त्याच्या प्रेषिताखेरीज कुणाचा असणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. म्हणजेच राखीव जमीन यापुढे कुणा व्यक्तीच्या किंवा घराण्याच्या मिरासीची राहणार नव्हती. मदीनेजवळचे नकीअ हे ठिकाण त्यांनी राखून ठेवले, ते समाजाच्या घोड्यांसाठी. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी शरफ आणि रबजा येथील कुरणे राखीव केली. तेथे सदक्याचे उंट आणि अल्लाहच्या मार्गात स्वारीसाठी द्यावयाची जनावरे चरत असत.

ज्यांनी खेड्यात गायरान पाहिले आहे त्यांना हिमाची कल्पना करणे कठीण जाऊ नये. फरक एवढाच की गायरान सर्वांसाठी मोकळे असते, तर हिमाला राखणदार असतो.

हजरत उमर (रजि.) यांनी या हिमावर जो राखणदार नेमला त्याचे नाव हुनय्य. तो त्यांनी मुक्त केलेला गुलाम होता. त्याला नेमताना खलीफांनी जे बजावले ते सहीह बुखारीत नोंदलेले आहे. त्याचा आशय असा : लोकांशी नरमाईने वाग. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याच्या दुआची भीती बाळग, कारण ती कबूल होते. ज्याच्याकडे थोडेसे उंट आहेत, थोड्याशा शेळ्यामेंढ्या आहेत, त्याला आत येऊ दे. मात्र इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांच्या गुरांना आत घेऊ नकोस. त्यांची जनावरे मेली तरी ते आपल्या खजुरीच्या बागांकडे आणि शेतांकडे परततील. पण त्या गरिबाची चार जनावरे मेली, तर तो आपली मुलेबाळे घेऊन माझ्या दारी येईल आणि मला हाक मारील. तेव्हा मी त्याला टाकून देऊ शकेन काय? सोने-चांदी देण्यापेक्षा मला पाणी आणि गवत देणे सोपे आहे.

आता ही नावे नीट पाहा. इब्ने औफ म्हणजे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि इब्ने अफ्फान म्हणजे हजरत उस्मान (रजि.). दोघेही ज्येष्ठ सहाबी, दोघेही जन्नतची खुशखबर लाभलेल्या दहा जणांतील, आणि त्यातील एक पुढे स्वतः खलीफा झालेले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी कुणाच्या मनात शंका असण्याचे कारण नव्हते. तरीही एका मुक्त गुलामाला सांगितले जाते की त्यांची गुरे अडव आणि चार शेळ्यांच्या मालकाला वाट दे. राखणदाराची परीक्षा नेमकी येथे आहे. दुबळ्याला अडविणे कुणालाही जमते, त्यासाठी हातातली काठी पुरते. मातब्बराला अडविण्यासाठी मात्र पाठीशी न्याय लागतो, आणि तो न्याय आपल्या नेमणुकीच्या पहिल्याच दिवशी स्पष्ट झालेला असावा लागतो.

याच बजावणीचा उत्तरार्ध आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. तेथील लोकांना वाटते की मी त्यांच्यावर जुलूम केला, असे हजरत उमर (रजि.) शपथपूर्वक म्हणतात, आणि त्या लोकांची तक्रार ते उडवून लावत नाहीत. भूमी त्यांचीच आहे, तिच्यासाठी ते जाहिलियतमध्ये लढले आणि तिच्यावर असतानाच त्यांनी इस्लाम स्वीकारला, हे ते मान्य करतात. अल्लाहच्या मार्गात उपयोगी पडणारी ही जनावरे नसती, तर त्यांच्या जमिनीतली वीतभर जागाही मी राखीव केली नसती, असेही ते सांगतात. एका राज्यकर्त्याच्या तोंडी ही कबुली आहे. ज्याच्यासाठी मनाई करतो ते काम सार्वजनिक आहे, गरजेचे आहे, आणि मनाई गरजेपेक्षा वीतभरही जास्त नाही, हे तो स्वतःला आणि अल्लाहला साक्षी ठेवून सांगतो. माझ्या मते, रक्षणाच्या अधिकाराचा उगम कोठे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. तो अधिकार ज्ञानातून येत नाही, सरकारी शिक्क्यातूनही पुरता येत नाही. ज्याला आपण अडवीत आहोत त्याचे काय होईल, या प्रश्नाचे ओझे जो स्वतःवर घेतो त्यालाच तो मिळतो.

येथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हजरत उमर (रजि.) यांच्यामागे बैतुलमाल होता. गवत संपले असते तर ते सोने-चांदी देऊ शकत होते; तसे ते स्वतःच म्हणतात. आपल्या तालुक्यातील संस्थेच्या अध्यक्षाकडे काय आहे? पावतीपुस्तक, एक जुनी मोटारसायकल आणि वर्षभराच्या खर्चाला जेमतेम पुरेल एवढी वर्गणी. त्याने कोळ्याला जाळे टाकू नकोस म्हटले तर त्या कोळ्याच्या घरी संध्याकाळी काय शिजेल? भरपाई देण्याची ज्याची ऐपत नाही त्याने मनाई करावी काय?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा कोकणच्या किनाऱ्यावर पाहणे बरे. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास नावाचे गाव आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेची स्थापना १९९२ ची. भाऊ काटदरे हे तिचे प्रमुख. २००२ मध्ये या संस्थेचे लोक किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची घरटी शोधत हिंडत असताना त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की ऑलिव्ह रिडले जातीची कासवे येथे रात्री येऊन अंडी घालतात आणि त्यांतील बहुतेक अंडी माणसे उकरून नेतात, उरलेली कुत्री-कोल्हे खातात.

कासवाची मादी एका खड्ड्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळूने खड्डा बुजविते आणि समुद्रात परतते. पुन्हा ती मागे वळून पाहत नाही. पन्नासेक दिवसांनी, उष्णतेनुसार काही दिवस मागेपुढे, पिल्ले वाळू सारून वर येतात आणि पाण्याच्या दिशेने धावतात. त्यांच्यावर कुणाही पालकाची नजर नसते, फक्त निर्माणकर्त्याची असते. त्यांतली फारच थोडी मोठी होतात. अशा जीवाची वाट मधेच तोडणे किती सोपे आहे हे सांगायला नको.

या संस्थेपुढे एक सरळ मार्ग होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे कासव सर्वाधिक संरक्षण असलेल्या पहिल्या अनुसूचीत येते. तक्रार द्यायची, दोन-चार जणांवर गुन्हे दाखल करायचे आणि बातमी छापून आणायची. पण अंडी नेणारा मनुष्य कोण होता? ज्याला घरात खायला किंवा बाजारात चार पैसे हवे होते, असा त्याच गावचा रहिवासी. संस्थेने गावातील तरुणांनाच पहाटे किनाऱ्यावर गस्त घालण्याच्या कामात घेतले. घरटे सापडले की अंडी अलगद काढून, मूळ खड्ड्याएवढ्याच खोलीवर, कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरायची आणि पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले पाण्याकडे जाताना पाहण्यासाठी शहरांतून माणसे येऊ लागली; ती गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरच्या बायांच्या हातचे जेवतात आणि त्याचे पैसे त्या घरात राहतात.

हे वाचून कुणाला वाटेल की ही तर पर्यटनाची युक्ती. युक्ती आहेच, पण ती कशाची जागा भरून काढते ते पाहा. ज्या संस्थेकडे बैतुलमाल नव्हता तिने गावाच्या ओसरीवरच तो उभा केला. अंडी उचलू नका हे सांगण्यापूर्वी आणि सांगताना, अंडी न उचलणाऱ्याच्या चुलीचा विचार झाला. आणि कालांतराने या कामाची सूत्रे वनविभाग व गावकऱ्यांकडे गेली. लहान संस्थेच्या प्रमुखाला ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड वाटते, असे माझे निरीक्षण आहे. काम सुरू करणे कष्टाचे, पण ते ‘माझे’ न म्हणता दुसऱ्याच्या हाती देणे त्याहून कष्टाचे. त्याविषयी पुढे बोलू.

दुसरे उदाहरण समुद्रापलीकडचे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ झांझिबारच्या द्वीपसमूहात पेंबा नावाचे बेट आहे आणि त्याच्या पश्चिमेला मिसाली हे छोटेसे बेट. तेथे कायमची वस्ती नाही. भोवती प्रवाळाचे खडक आहेत आणि त्यांच्यात मासळी विपुल. तिच्यावर पेंबाच्या कित्येक मुस्लिम कोळी कुटुंबांचे पोट अवलंबून आहे. तिथल्या लोकांत एक कथा सांगितली जाते की हजरत खिज्र येथे आले, त्यांनी नमाजसाठी मुसल्ला मागितला, तो कुणाकडे नव्हता. तेव्हा हे बेटच मुसल्ल्यासारखे आहे असे ते म्हणाले. कथेची ऐतिहासिकता पारखण्याची ही जागा नव्हे. मुद्दा हा की त्याच बेटाभोवती काही कोळी सुरुंगाच्या स्फोटाने मासळी मारीत होते. एका स्फोटात माशांसह प्रवाळाचे खडक फुटतात आणि मग पुढच्या माशांना घरच उरत नाही.

सरकारने १९९८ मध्ये तो भाग संरक्षित जाहीर केला. पण नियमांचे फलक वाचून स्फोट थांबत नाहीत. तेव्हा ब्रिटनमधील बर्मिंगहॅम येथून फजलुन खालिद यांनी चालविलेली एक लहान इस्लामी पर्यावरण संस्था आणि केअर ही मदतसंस्था यांच्या सहकार्याने तेथील मशिदींचे इमाम, मदरशांचे शिक्षक आणि कोळी यांच्यात चर्चा सुरू झाली : ही सृष्टी कुणाची? मनुष्य तिच्यावर खलीफा आहे म्हणजे काय? इसराफ म्हणजे काय, जमिनीवर फसाद कशाला म्हणतात? जे सरकारी नियमाला जुमानत नव्हते त्यांच्यापैकी पुष्कळांना ही भाषा कळली, कारण ती त्यांच्या घरातलीच होती.

तरीही, वाचकहो, या उदाहरणाचा गैरअर्थ आपण काढू नये. आपल्या वर्तुळात तो सहज काढला जातो. दीनचा हवाला दिला की काम भागले, असे पुष्कळांना वाटते. भुकेल्या माणसाला आयतीचा अर्थ समजावून सांगणाऱ्याने त्याच्या भुकेचीही विचारपूस केली पाहिजे, नाहीतर तो दीनचा उपयोग काठीसारखा करीत आहे. हुनय्यला दिलेल्या सूचनेत अन्यायग्रस्ताच्या दुआची भीती आधी येते आणि गुरे अडविण्याची गोष्ट नंतर. तो क्रम सोडून चालणार नाही.

आता स्वतः प्रमुखाविषयी. कोण योग्य? हजरत यूसुफ (अलै.) यांनी मिसरच्या कोठारांची जबाबदारी मागितली तेव्हा स्वतःचे दोन गुण सांगितले : आपण जतन करणारे आहोत आणि जाणकार आहोत. हजरत मूसा (अलै.) यांच्याविषयी त्या कन्येने आपल्या वडिलांना सांगितले तेही दोनच गुण, बळकटपणा आणि अमानतदारी. दोन्हीकडे जोडी आहे. नुसती सचोटी पुरत नाही. ज्याला कासवाचे घरटे ओळखता येत नाही तो कितीही परहेजगार असला तरी अंड्यांचा नाश करील. नुसते ज्ञानही पुरत नाही. ज्ञानी आणि अप्रामाणिक मनुष्य तर अधिकच नाश करील, कारण त्याला कोठे काय लपवायचे हे ठाऊक असते.

हजरत अबू जर (रजि.) यांनी जबाबदारीचे पद मागितले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की तुम्ही दुर्बल आहात, हे पद म्हणजे अमानत आहे, आणि जो तिचा हक्क पुरा करील त्याच्याशिवाय इतरांसाठी कयामतच्या दिवशी ती नामुष्की ठरेल. अबू जर यांच्या ईमानात काय उणे होते? त्यांचा खरेपणा सर्वमान्य होता. तरीही त्यांना थांबविण्यात आले, यात त्यांचा अपमान नव्हता, त्यांच्यावरील प्रेम होते. सद्‌भावी मनुष्य प्रत्येक वेळी चांगला व्यवस्थापक असतोच असे नाही, आणि तसा नसणे हा गुन्हाही नव्हे. आपल्याकडील कितीतरी संस्था या एका गोष्टीच्या अभावी मोडल्या : भल्या माणसाला नको म्हणण्याचा धीर कुणाला झाला नाही. हेच अबू जर (रजि.) आयुष्याच्या अखेरीस रबजा येथे जाऊन राहिले आणि हिजरी ३२ मध्ये तेथेच वारले, जेथे हजरत उमर (रजि.) यांनी कुरण राखले होते तेच हे रबजा.

संस्था लहान असली की एक विशिष्ट धोका संभवतो. मोठ्या संस्थेत पैसा खाल्ला जातो. लहान संस्थेत बहुधा पैसाच नसतो, म्हणून तेथे मान खाल्ला जातो. शाल, श्रीफळ, पुरस्कार, परिषदेचे निमंत्रण, वाढदिवसाचा फलक. अज्द कबिल्यातील एका मनुष्याला प्रेषितांनी (स.) जकात गोळा करण्यास पाठविले होते. परत येऊन तो म्हणाला की हे तुमचे, आणि हे मला भेट मिळाले. तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवर उभे राहून जाहीरपणे विचारले की हा मनुष्य आपल्या आईबापांच्या घरी बसून राहिला असता तर त्याला ही भेट मिळाली असती काय? पुरस्कार स्वीकारणाऱ्या प्रत्येक अध्यक्षाने हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. पहाटे चार वाजता वाळूत चालणारा मुलगा कोणीतरी दुसराच असतो. छायाचित्रात तो मागच्या रांगेत उभा राहतो किंवा राहतही नाही. पुरस्कार घेऊच नये असे मी म्हणत नाही. त्याची रक्कम कोठे गेली आणि त्या मुलाचे नाव घेतले गेले काय, एवढे पाहावे.

हिशेबाचेही तसेच. आपल्या राज्यात सार्वजनिक न्यासाला १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, विश्वस्त बदलले की बदल कळवावा लागतो. पुष्कळ लहान संस्थांचे चालक याला कटकट मानतात. आपण तर रात्रंदिवस राबतो, खिशातले घालतो, मग कागद कशाला, असा त्यांचा सवाल असतो. खिशातले घालणाऱ्यानेच हिशेब अधिक चोख ठेवावा, कारण खिसा आणि पेटी यांच्यातील सीमा त्याच्याच घरी पुसट होते. वडिलांच्या निधनानंतर मुलांना संस्थेची अवजारे कोणती आणि घरची कोणती हे ठरविता येत नाही, हा प्रसंग केवळ कल्पनेतला नाही.

मालक आणि राखणदार यांच्यातील भेद इस्लामी परंपरेने एका संस्थेत फार स्पष्टपणे बांधून ठेवला आहे, ती म्हणजे वक्फ. हजरत उमर (रजि.) यांना खैबर येथे जमीन मिळाली. तिच्याहून मोलाचे काही आपल्याला कधी मिळाले नव्हते, असे त्यांनी सांगितले आणि तिचे काय करावे हे प्रेषितांना (स.) विचारले. सल्ला मिळाला की मूळ जमीन रोखून ठेवा आणि तिचे उत्पन्न सदका करा. मग ती जमीन विकली जाणार नाही, बक्षीस दिली जाणार नाही, वारशाने जाणार नाही असे ठरले. जो तिची व्यवस्था पाहील त्याने तिच्यातून रीतीप्रमाणे खावे, मित्राला खाऊ घालावे, मात्र तिच्यातून संपत्ती जमवू नये. हे कलम मला फार माणुसकीचे वाटते. राखणदाराने उपाशी राहून काम करावे अशी अपेक्षा तेथे नाही. पर्यावरणाचे काम करणाऱ्या तरुणाने पगार घेतला की भुवया उंचावणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावे. त्या वक्फची देखरेख पुढे हजरत उमर (रजि.) यांनी आपली कन्या उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपविली, आणि त्यांच्यानंतर घराण्यातील ज्यांना समज आहे अशांकडे. अट समजेची होती. संस्थेच्या कार्यकारिणीत स्त्रियांचे नाव केवळ संख्या भरण्यासाठी लिहिणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कुणी विचारील की वेळासचे काम करणारी संस्था आपल्या समाजाची नाही, तर आपला तिच्याशी काय संबंध? नुबुव्वतच्या आधी मक्केत हिल्फुल फुजूल नावाचा करार झाला होता, अन्यायग्रस्ताला त्याचा हक्क मिळवून देण्यासाठी. प्रेषित (स.) त्यात सहभागी होते आणि नंतरही, इस्लामच्या काळात तशी हाक आली तर मी ओ देईन, असे ते म्हणाले. नेकीच्या कामात सहकार्य करण्याचा आदेश कुरआनात आहेच. जमिनीवर चालणारे जीव आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समूह आहेत, हेही त्याच ग्रंथात सांगितलेले आहे. किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या तरुणांत आपलीही मुले असावीत, यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि ज्यांना किनारा नाही, डोंगर नाही, त्यांच्याही मोहल्ल्यात एक राखीव जमीन असतेच : कब्रस्तान. शहरांतून आज जुनी चिंच, लिंब, वड पाहायचे तर पुष्कळदा कब्रस्तानातच पाहावे लागतात, कारण तेवढीच जागा बांधकामापासून वाचली. तिच्यावर मुतवल्ली असतो, कमिटी असते, एखादी विहीरही असते. त्या कमिटीत कोण आहे? झाड तोडण्याचा निर्णय कोण घेतो आणि लाकडाचे पैसे कोठे जमा होतात? पावसाळ्यात विहिरीत कचरा जातो तो कुणाच्या घरचा, आणि त्याला कोण सांगते? मोहल्ल्यातील मोठ्या घराची गाडी आत उभी राहते तेव्हा कुणी अडवितो काय, आणि बाहेरच्या झोपडीतली बाई पाण्यासाठी घागर घेऊन येते तेव्हा? मुतवल्लींना हे प्रश्न अदबीने विचारावेत. बहुतेक ठिकाणी कमिटीची सभा रमजानपूर्वी होते आणि तिला कुणी जात नाही.